शिलाई मशीनवर पाय चालवून माउस चार्ज कसा करावा

कीबोर्डच्या कळा दाबताना वाया जाणारी ताकद वापरून कीबोर्डच चालवावा, असे अनेकांच्या मनात येते; पण त्याआधी हिशेब मांडावा. एक कळ साधारण 50 ग्रॅम वजनाइतक्या जोराने 4 मिलिमीटर खाली जाते, म्हणजे जेमतेम 2 मिलिजूल. दिवसाकाठी 10,000 कळा दाबल्या तरी 20 जूल होतात, आणि 1.2 व्होल्ट, 2000 मिलिअँपिअर-तासांच्या पुन्हा चार्ज होणाऱ्या एका पेन्सिल सेलमध्ये सुमारे 8,600 जूल मावतात. काहीही वाया गेले नाही असे धरले तरी तो एक सेल भरायला चौदा महिने लागतील. म्हणून बोटे सोडून पायांकडे वळावे, कारण टेबलाखाली पाय सावकाश हलवूनही एखादा वॅट, म्हणजे सेकंदाला एक जूल, सहज निघतो.

इंदूरमध्ये रामबागेसारख्या भागातल्या जुन्या मराठी घरांत आजीचे पायाने चालणारे शिलाई मशीन अजून असते. त्याचे डोके फळीखाली दुमडता येत असेल, तर वर लॅपटॉप ठेवायला जागाही होते. मशीनला भोक पाडू नये, काही कापू नये. चामडी पट्टा तेवढा उतरवून जपून ठेवावा, म्हणजे ते पुन्हा शिवणाला लावता येईल.

डीसी मोटर बाहेरून फिरवली की उलट तीच वीज देते. अशी जुन्या प्रिंटरमधली 24 व्होल्टची मोटर जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा भंगारात शोधावी. तिच्या दांड्यावर दीड सेंटिमीटरची खाचेची पुली बसवून मोटर लाकडी ठोकळ्यावर आवळावी आणि खालच्या मोठ्या चाकावरून तिच्यावर रबरी पट्टा चढवावा. चाक 30 सेंटिमीटरचे असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात मोटर सुमारे वीस वेळा फिरते. बेताच्या गतीने पाय चालवताना मोटरच्या तारांवर लावलेल्या मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायच्या उपकरणावर) 8 ते 12 व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसल्यास पुली लहान घ्यावी.

जोडणीत सर्वात महत्त्वाचा भाग चार शॉटकी डायोडांच्या ब्रिजचा आहे. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, आणि असे चार जोडलेला ब्रिज मोटर कशीही फिरली तरी पुढे एकाच दिशेची वीज देतो. नवख्या माणसाचे चाक पाय पहिल्यांदा दाबताच अनेकदा उलटे फिरते, आणि ब्रिज नसेल तर उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) थेट पुढच्या भागांवर जातो. ब्रिजनंतर 35 व्होल्टचा 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवून चढउतार कमी करणारा भाग), त्याची उणे बाजू नीट पाहून, लावावा. त्यापुढे एलएम 2596 चे तयार मॉड्यूल (जास्तीचा विद्युतदाब ठरावीक आकड्यावर उतरवणारी छोटी पट्टी) जोडावे आणि माउस न लावता, पाय चालता ठेवून, त्याचा छोटा पितळी स्क्रू फिरवत बाहेर पडणारा विद्युतदाब बरोबर 5 व्होल्टवर आणावा. माउस लावण्यापूर्वी पाय हळू, जलद आणि एकदम थांबवूनही मोजावे, आकडा 5.2 च्या वर जाता कामा नये.

मॉड्यूलमधून निघणारी ही वायर फक्त चार्जिंगच्या माउसला किंवा कीबोर्डला लावावी, संगणकाच्या यूएसबी पोर्टला कधीही नाही. 500 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी भरायला सुमारे अडीच तास लागतात. ते वाचन किंवा फोनवरचे बोलणे चालू असताना, रोज अर्धा तास, असे आठवड्यात वाटून घ्यावेत. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या टोकांना मशीनचे तेल दिले, तर पाय कमी दुखतात.