घरी क्लच बदलताय? आधी ही तयारी

क्लच बदलणं म्हणजे खरं तर गिअरबॉक्स उतरवणं. नवी प्लेट बसवायला फारसा वेळ लागत नाही, तिथवर पोचण्यातच दिवस जातो. पहिलीच खेप असेल तर शनिवार-रविवार दोन्ही मोकळे ठेवा आणि जोडीला एक धडधाकट माणूस आधीच सांगून ठेवा. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, अशा छोट्या गाड्यांबद्दल हे लिहितोय.

आधी जागा बघा. इंदुरात आपल्या घरांपुढे अंगण असतं, पण खाली माळव्याची काळी माती. ओल धरली की तिच्यात स्टँडचा पाय रुततो आणि गाडी कलते. काँक्रीटचं सपाट पोर्च नसेल तर हे काम घरी करूच नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही. दोन दणकट जॅक स्टँड हवेत, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी हवी. विटा अजिबात नकोत, भाराखाली वीट अचानक फुटते. गाडी स्टँडवर टेकली की जोर लावून हलवून बघा, मगच खाली शिरा.

सामान घ्यायला छोट्या ग्वालटोलीत जाताना आरसी जवळ ठेवा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सेटच घ्या. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि पुढे ते घरघरू लागलं, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. एक्सलची आणि क्रँकची मागची ऑइल सीलं आणा, कारण गळक्या सीलचं तेल नवी प्लेटही घसरवतं. गिअर ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) आणि प्लेट मधोमध धरणारी सेंटरिंग पिन. ही पिन स्वस्त असते, पण ती नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या आत जाता जात नाही. एक्सलचा मोठा नट काढावा लागणार असेल तर गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करा.

दुसरा जॅक आणि फळी गिअरबॉक्सखाली, लाकडाचा ठोकळा इंजिनखाली. याला पर्याय नाही. गिअरबॉक्स क्षणभरही शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, वायरिंगचे फोटो घ्या, बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, त्यांची लांबी सारखी नसते. मास्क लावा आणि आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकावर, निळे डाग किंवा तडे दिसले तर लेथवाल्याला दाखवायला वेळ हाताशी असू द्या. जुनी प्लेट हातात आली की नवी तिच्यावर ठेवून व्यास आणि मधले दाते जुळवा, म्हणजे चुकीची निघाली तरी दुकान बंद व्हायच्या आत बदलून आणता येईल.