रक्ताचा रिपोर्ट वाचता येईल इतकं रसायनशास्त्र घरी कसं शिकावं

आजोबांचं सोडियम कमी झालंय, असं डॉक्टर सांगतात आणि घरातले सगळे मान डोलावतात. सोडियम म्हणजे मिठातलंच ना, मीठ तर ते रोज खातात, मग कमी कसं झालं, हे विचारायचं राहूनच जातं. इंदूरला राजेंद्रनगरात मी नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना घरी शिकवते. त्यांचंही गाडं इथेच अडतं. बारावीचं रसायनशास्त्र पाठ असतं, पण त्याचा शरीराशी सांधा जुळत नाही. तो जुळवायला मी पुढचा क्रम वापरते. तुम्ही विद्यार्थी नसलात तरी तो चालेल.

आधी शब्द निस्तरा

पुण्याच्या वाचकाला ही पायरी लागणार नाही, माळव्यातल्या मराठी घराला मात्र लागतेच. आपण घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी वाचतो आणि कॉलेजात इंग्रजी. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु हा मॉलिक्यूल असतो. आपला क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीतला क्षार म्हणजे बेस. सगळ्यात घातक शब्द पेशी. आपल्याला तो ऐकून सेल आठवते, हिंदी पुस्तकात पेशी म्हणजे मसल, आणि सेलला कोशिका. आपला स्नायू तिकडे भेटला तर तो बहुधा लिगामेंट असतो. ‘पेशी आकुंचन पावते’ हे वाक्य वाचून एक मुलगी आठवडाभर प्रत्येक सेल आकसते असं समजून चालली होती. तिची काही चूक नव्हती. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि नवा शब्द आला की तिन्ही भरा. मगच पुढे जा.

आवर्तसारणी बाजूला ठेवा

शरीराच्या वजनातला सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. त्यांच्या जोडीला कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, सल्फर, सोडियम, क्लोरीन, मॅग्नेशियम एवढी ओळखीची झाली की पुरे. लोह आणि आयोडीन अगदी थोडे लागतात, ते त्यांच्या जागी भेटतील.

फोडणीकडे नीट बघा

आमटीवर फोडणीचं तेल तरंगतं, मीठ मात्र विरघळून दिसेनासं होतं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण असते आणि हायड्रोजनची किंचित धन. मिठातल्या सोडियम आणि क्लोराइडवर विद्युतभार असतो. अशा भार असलेल्या अणूंना आयन म्हणायचं. पाणी त्यांना वेढून एकमेकांपासून सोडवतं. तेलाला भार नाही, म्हणून पाणी त्याला जवळ करत नाही. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं पटल असंच स्निग्ध आहे. त्यातून सोडियम आपोआप आत शिरू शकत नाही, त्याला प्रथिनांची दारं लागतात. ही एक गोष्ट पक्की झाली की शरीरक्रियेचं निम्मं पुस्तक उलगडतं, असं माझं मत आहे.

काकडीला मीठ लावा

काकडी चोचवा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. ताटलीत पाणी सुटतं. दुसऱ्या वाटीत मनुका साध्या पाण्यात भिजवा, त्या फुगतात. पाणी नेहमी जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे धावतं, यालाच परासरण म्हणतात. आता सलाइनची बाटली आठवा. तिच्यात एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. एवढ्या मिठाने बाहेरचं आणि रक्तपेशीच्या आतलं पारडं बरोबर राहतं. शिरेत नुसतं पाणी गेलं तर लाल पेशी मनुकेसारख्या फुगून फुटतील, खारट पाणी गेलं तर काकडीसारख्या सुकतील.

आजोबांचं कोडंही इथेच सुटतं. रिपोर्टमधला आकडा एक लिटरमध्ये सोडियम किती, एवढंच सांगतो. तो उतरला म्हणजे पुष्कळदा मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त साठलेलं असतं. म्हणून डॉक्टर कधी कधी मीठ वाढवण्याऐवजी पाणी मोजून प्यायला सांगतात. हा निर्णय मात्र त्यांच्यावरच सोडा.

जुलाबात साखर-मिठाचं पाणी का देतात, तेही याच वेळी समजून घ्या. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको.

चुन्याच्या निवळीत फुंका

पानवाल्याकडून चिमूटभर चुना आणा, ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवून वरची निवळी हलक्या हाताने काढा. स्ट्रॉने तिच्यात हळू फुंका. ओढायचं अजिबात नाही, डोळ्यात उडू द्यायचं नाही आणि लहान मुलांना एकटं सोडायचं नाही. निवळी दुधाळ होते. फुंकत राहिलात तर पुन्हा स्वच्छ होऊ लागते, कारण आता कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन विरघळतो. रक्तातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड याच रूपात फुप्फुसांकडे जातो.

आता कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा आणि वर साबणाचा थेंब टाका. पिवळा कागद लाल होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू करत, त्यामागे हेच रसायन. वर लिंबू पिळलंत की पिवळा रंग परत येतो. आम्ल आणि आम्लारी (बेस) यांच्या मोजपट्टीला सामू (पीएच) म्हणतात. सामू ७ वरून ६ वर आला तर आम्लता आणणारे हायड्रोजन आयन दसपट होतात. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या आतच राहावा लागतो. श्वास रोखून धरला की जी तगमग होते, ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठून आम्लता वाढते म्हणून. ऑक्सिजन संपायला अजून अवकाश असतो.

भाताच्या पेजेत लाळ

दोन वाट्यांत थोडी थोडी पातळ कोमट पेज घ्या. एकीत चमचाभर लाळ घालून अर्धा तास ठेवा. मग दोन्हींत जखमेवर लावतात त्या पोव्हिडोन आयोडीनचा एकेक थेंब टाका. साधी पेज निळी-काळी होईल, लाळेच्या पेजेत तो रंग फिका पडेल किंवा येणारच नाही, कारण लाळेतल्या विकराने (एन्झाइमने) स्टार्च तोडलेला असतो. पोहे खूप वेळ चावले की गोडसर लागतात ते यामुळेच. उकळलेली लाळ वापरून बघा, काम होणार नाही. विकर हे प्रथिन आहे, आणि अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर जसा पुन्हा पातळ होत नाही, तशी उकळून मोडलेली विकराच्या रेणूची घडीही पुन्हा बसत नाही.

शेवटी घरातला जुना रिपोर्ट काढा

इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तात विरघळलेले आयन, असं लिहिलेलं पान शोधा. सोडियम साधारण १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५. पोटॅशियम इतकं कमी का? कारण ते बहुतेक पेशींच्या आत असतं, तिथे ते १४० च्या आसपास भरतं. पेशीपटलातला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्याचा शोध लावणाऱ्या येन्स स्को यांना १९९७ साली नोबेल मिळालं. या फरकाच्या जोरावरच मज्जातंतूतून संदेश धावतो.

म्हणूनच रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, तर आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच चढतो आणि लॅबवाले दुसऱ्यांदा रक्त द्यायला बोलावतात.