गुलाबाची ऑक्टोबरमधील छाटणी

घरच्या बागेतील गुलाबाला वर्षभर पाणी आणि खत वेळेवर देऊनही फुले लहान व थोडी येत असतील, तर त्याचे कारण बहुधा पावसाळ्यानंतर न झालेल्या किंवा भीत भीत केलेल्या छाटणीत असते. पुणे, नाशिक, सातारा यांसारख्या पठारी भागात गुलाबाचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी हा असून त्याची तयारी ऑक्टोबरमध्ये करावी लागते. छाटणीनंतर साधारण 45 ते 50 दिवसांनी फुले उमलत असल्यामुळे 15 ऑक्टोबरच्या सुमारास छाटलेले झाड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे थंडी स्थिरावत असताना, बहरावर येते.

परतीचा पाऊस पूर्ण थांबल्याखेरीज मात्र कात्री हाती घेऊ नये. एका वर्षी सप्टेंबरअखेर लख्ख ऊन पडलेले पाहून मी घाईने छाटणी उरकली. त्यानंतर सलग 4 दिवस पाऊस झाला, प्रत्येक कापावर पाणी साचले आणि निम्म्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत गेल्या. कोकणात आणि गोव्यात हवा अधिक काळ दमट राहते, म्हणून तेथे नोव्हेंबरपर्यंत थांबलेले बरे.

छाटणीपूर्वी 8 दिवस पाणी निम्म्यावर आणावे, म्हणजे झाडाची वाढ मंदावते. जमिनीतील झाडांची माती उकरून मुळांना काही दिवस ऊन देण्याची जुनी पद्धत आपल्याकडे आहे. कुंडीतील गुलाबाला ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कुंडीतील मुळे आधीच उथळ असतात आणि ऑक्टोबरचे ऊन त्यांना सोसत नाही. कुंडीत वरची 5 ते 7 सेंटिमीटर माती हलक्या हाताने काढून घेतली तरी पुरे.

कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या जागी बुरशी लगेच शिरते. प्रथम वाळलेल्या, रोगट, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि झाडाच्या मध्यात एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. हायब्रिड टी प्रकारच्या, म्हणजे लांब देठावर एकेकटे मोठे फूल देणाऱ्या, झाडावर चारही दिशांना पसरलेल्या 4 ते 6 जोमदार फांद्या राखून त्या जमिनीपासून 30 ते 45 सेंटिमीटर उंचीवर छाटाव्यात. घोसाने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाची आणि मिनिएचर गुलाबाची छाटणी याहून हलकी असावी. वेलीगुलाबाच्या मुख्य फांद्यांना तर हातच लावू नये, कारण त्यांच्यापासून निघणाऱ्या आडव्या फुटव्यांवर फुले येतात. त्याची केवळ वाळकी लाकडे आणि फुलून गेलेली टोके काढावीत.

कोठे कापायचे, हे पाहण्यासाठी फांदी अगदी जवळून न्याहाळावी. जेथे पूर्वी पान होते त्या खुणेच्या वर एक बारीक, किंचित फुगीर, लालसर ठिपका दिसतो, तोच डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूकडे तोंड असलेला डोळा निवडावा आणि त्याच्या वर सुमारे अर्धा सेंटिमीटर ठेवून तिरका काप घ्यावा, त्याचा उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला असावा. आतल्या बाजूचा डोळा राखला, तर नवी फांदी मध्यभागी घुसते आणि तेथे ना ऊन पोहोचते ना वारा. कापल्यावर फांदीचा गाभा पांढरट किंवा फिकट हिरवा दिसला पाहिजे. तो तपकिरी असेल, तर फांदी आतून मेलेली आहे असे समजून पांढरा गाभा लागेपर्यंत आणखी खाली कापत जावे. हे करताना मन कचरते, पण येथे दया दाखवल्यास पुढे संपूर्ण फांदी गमवावी लागते.

प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचा बुरशीनाशक लेप, किंवा पाण्यात दाट कालवलेले कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लावावे. खाली पडलेली काळ्या ठिपक्यांची पाने वेचून बागेबाहेर टाकावीत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

त्यानंतर खत. 12 इंची कुंडीला 2 ते 3 ओंजळी चांगले कुजलेले शेणखत, 1 मूठ निंबोळी पेंड आणि 1 मूठ हाडांचा चुरा एवढे पुरते. ते मातीत मिसळून भरपूर पाणी द्यावे आणि पुढे वरची माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे. पाने रात्री ओली राहिली की काळे ठिपके हमखास येतात. झाडाला रोज किमान 6 तास थेट ऊन मिळत नसेल, तर खताचा उपयोग फारसा होत नाही, म्हणून आधी जागा बदलावी.

साधारण 8 ते 10 दिवसांत तांबूस कोंब दिसू लागतात. याच वेळी कलमाच्या जोडाखालून, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडावर हा गुलाब बांधलेला असतो त्या खुंटातून, निघालेल्या फुटव्यांकडे लक्ष ठेवावे. ते झपाट्याने वाढतात, रंगाने फिकट हिरवे असतात आणि त्यांना कळी धरत नाही. झाड जोमात आले म्हणून अनेकजण ते कौतुकाने वाढू देतात आणि वर्षभरात मूळ गुलाब नाहीसा होऊन केवळ खुंट उरतो. असा फुटवा कात्रीने न कापता माती बाजूला सारून मुळापासून ओढून काढावा, म्हणजे तो पुन्हा फुटत नाही.

कळ्या दिसेपर्यंत रात्री गार होतात आणि कोवळ्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी, येते. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारावे. माव्यासाठी निंबोळी तेल लिटरला 5 मिलिलिटर, थोड्या साबणाच्या पाण्यासह, संध्याकाळी वापरावे. मात्र गंधक आणि तेल यांच्या फवारण्यांत किमान 2 आठवड्यांचे अंतर ठेवावे, अन्यथा पाने करपतात. मोठे फूल हवे असल्यास शेंड्याच्या कळीलगतच्या बारीक कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने खुडाव्यात.

पहिल्या बहराची फुले तोडताना देठ लांब घेण्याचा मोह आवरावा. छाटलेल्या झाडावर पाने अजून थोडीच असतात आणि पुढचा बहर त्यांच्याच बळावर येणार असतो. फुलाखाली 5 पर्णिकांचे जे पहिले सुदृढ पान दिसेल, त्याच्या किंचित वर काप घ्यावा. डिसेंबरमध्ये त्या पानाच्या बगलेतून नवा कोंब निघतो आणि जानेवारीअखेरीस त्याच फांदीवर दुसरे फूल उमलते.