जीएम (जनुक बदललेल्या) पिकाच्या मंजुरीआधी आपलं म्हणणं कसं मांडावं

धारवाडच्या कृषी विद्यापीठाने बीटी वांग्यासाठी, म्हणजे अळीला मारणारा जनुक घातलेल्या वांग्यासाठी, ज्या जवारी (गावठी) जाती घेतल्या, त्यांत आपल्या रायबाग तालुक्यातलं कुडचीचं वांगंही होतं. १४ ऑक्टोबर २००९ ला केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचं ऐकलं आणि ९ फेब्रुवारी २०१० ला परवानगी थांबवली. त्यांत आपल्या कर्नाटकातलं शहर बंगळूर, म्हणजे रात्रभराचा प्रवास. कुडचीतून कितीजण गेले असतील?

म्हणून पत्र घरूनच पाठवायची तयारी ठेवा. ही समिती, जीईएसी, पर्यावरण मंत्रालयाखाली येते. तिच्या संकेतस्थळावर बैठकांचे इतिवृत्त आणि सूचना येतात. महिन्यातून एकदा पोराला मोबाइलवर बघायला सांगा, कारण मुदत थोडी असते. २०१६ साली जीएम मोहरीवर हरकतींसाठी ५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर एवढाच वेळ मिळाला होता.

हरकतींसाठी ठेवलेला पिकाचा अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड असतो. सगळा वाचू नका. चाचण्या कुठल्या मातीत झाल्या, पराग किती लांब जातो आणि पीक तणनाशक सोसतं का, एवढं शोधा. तिसरा मुद्दा लोक सोडून देतात. त्या मोहरीत ग्लुफोसिनेट हे तणनाशक सोसणारा जनुक होता. असं पीक आपल्याकडे आलं, तर भांगलणीला जाणाऱ्या बायकांच्या मजुरीचं काय, हे दिल्लीत कुणाला सुचायचं नाही. ते तुम्हीच लिहायचं.

पत्र एका पानाचं असावं. ‘जीएम नको’ किंवा ‘जीएम हवंच’ एवढंच लिहिलं, तर ते गठ्ठ्यात जातं. किती एकर, कुठलं पीक, बांधापलीकडे काय, बियाणं घरचं की विकतचं, फवारणीवर किती खर्च होतो, हे आकड्यांत लिहा. बाजूने असाल तरी हेच लिहा.

भाषेची चिंता नको. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने केंद्राकडे मराठीत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. हक्क एका जागी, वाचणाऱ्याची सोय दुसऱ्या जागी.

शेतातल्या चाचण्यांना राज्याची ना-हरकत लागते, तेव्हा एक प्रत राज्याच्या कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात द्या. ती कन्नडमध्ये असलेली बरी. शाळेतली पोरं लिहून देतात, त्यात कसली लाज? तिथे पोच मागून घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत तुमची जवारी जात आहे का, तेही बघून या. नसेल तर नोंदवायला सांगा.

दिल्लीचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढे काहीच कळलं नाही, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा : माझ्या पत्रावर काय शेरा मारला? उत्तराची मुदत ३० दिवस.