ट्रेनरनंतरचं दुसरं विमान घेताना
रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या छंदात ट्रेनरवर, म्हणजे शिकायच्या पहिल्या विमानावर, हात बसला की मन धावतं ते स्पिटफायरसारख्या लढाऊ विमानाच्या मॉडेलकडे. एवढ्यात नको. निमुळत्या पंखाचं विमान वेग कमी झाला की टोकाकडून स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल जाते, आणि नेमकं उतरवताना एका अंगावर कोसळतं. त्याऐवजी खालच्या पंखाचं, चार चॅनलचं (मोटर, चढ-उतार, दिशा आणि कलणं यांचे वेगवेगळे ताबे असलेलं), जाड आणि जवळपास सरळ पंखाचं स्पोर्ट विमान घ्या. ट्रेनर रिमोटची स्टिक सोडली की बहुधा आपणहून सावरतो. हे विमान कलवाल तसंच राहतं, वळणातून बाहेर तुम्हीच काढायचं. खरी उडवणूक इथेच कळते. ट्रेनरच्याच जुन्या तीन सेलच्या बॅटऱ्या चालतील असं पाहिलंत तर खर्चही वाचेल.

कोकणात दुपारी खारे वारे जोर धरतात, तेव्हा अगदी हलकं फोमचं विमान भरकटतं. सव्वा मीटरच्या आसपास पंखविस्तार बरा. ओहोटीची घट्ट पुळण धावपट्टी म्हणून उत्तम, फक्त चाकं मोठी हवीत. आत मिटणारी चाकं मुळीच घेऊ नका, वाळू अडकली की ती बाहेर येईनाशी होऊ शकतात. कातळसड्यावर उडवणार असाल तर लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) सहज बदलता येणारं बघा. आणि घरी परतल्यावर मोटर कोरड्या फडक्याने पुसाच, खाऱ्या हवेने बेअरिंग लवकर गंजतात.