जाहिरात सुरू करण्याआधी: सोशल मीडियावरून लीड आणण्याच्या तयारीची यादी

जाहिरात ज्या दिवशी सुरू करायची ती तारीख कागदाच्या तळाशी लिहा आणि तिथून एकेक पायरी मागे या. ही यादी मी मुद्दाम उलटी धरली आहे. आधी चौकशी करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते, मग तो कुठून येणार ते, आणि जाहिरातीचं चित्र व मजकूर जवळजवळ शेवटी. बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात, कारण ते काम आवडीचं असतं आणि लगेच डोळ्यांना दिसतं. पण मी पाहिलेल्या वाया गेलेल्या लीड्सपैकी (म्हणजे ग्राहक होऊ शकतील अशा माणसांच्या चौकश्यांपैकी) बऱ्याचशा चित्र चांगलं असूनही वाया गेल्या होत्या. फॉर्म भरलेल्या माणसाला वेळेत कोणी फोनच केला नव्हता.

म्हणून यादीत सर्वांत वर एका माणसाचं नाव येतं. चौकशी आली की कोण बोलणार? ‘आमची टीम बघेल’ हे उत्तर पुरत नाही. एक नाव लिहा आणि तो माणूस रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसरं. नावापुढे वेळ लिहा: किती ते किती तो उपलब्ध आहे आणि चौकशी आल्यावर किती मिनिटांत उत्तर जाणार. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मार्च २०११ च्या अंकात याविषयीची एक पाहणी आली होती. २,२४१ अमेरिकी कंपन्या ऑनलाइन चौकशीला किती वेळात उत्तर देतात हे त्यात तपासलं होतं. तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के निघाल्या, आणि २३ टक्के कंपन्यांनी उत्तर दिलंच नाही. त्याच लेखात असंही नोंदवलं होतं की तासाभरात संपर्काचा प्रयत्न करणाऱ्या कंपन्यांना, त्यानंतर अगदी एका तासाने प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा, निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता जवळजवळ सातपट होती. सोशल मीडियावर तर हे आणखी खरं असावं असं मला वाटतं. तिथला माणूस तुम्हाला शोधत आलेला नसतो. तो काहीतरी दुसरं बघत असतो, मध्येच तुमची जाहिरात दिसते, दोन बटणं दाबतो आणि पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी त्याला तुमचं नाव आठवेलच असं नाही.

या कारणासाठी फोनवरचं पहिलं वाक्यही लिहून ठेवा. ‘मी अमुक कंपनीतून बोलतोय’ एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही. ‘आज सकाळी तुम्ही अमुक गोष्टीच्या माहितीसाठी फॉर्म भरला होता, त्यासंबंधी बोलतोय’ असं म्हटलं की त्याला संदर्भ लागतो. फोन उचलला नाही तर लगेच जाणारा छोटा मेसेज आधीच तयार असू द्या. दुसरा प्रयत्न कधी, तिसरा कधी आणि कितव्या प्रयत्नानंतर थांबायचं, हेही ठरवून टाका. रात्री आलेल्या चौकशीला रात्री उत्तर देणं जमणार नसेल तर जाहिरात ठरावीक तासांतच दाखवण्याची सोय वापरा. चौकशी करणाऱ्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा कमी लोकांना जाहिरात दिसलेली बरी.

आता ती चौकशी येऊन पडते कुठे, ते पाहा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरातीतच उघडणारा तयार फॉर्म असतो. त्यात भरलेली माहिती आपोआप तुमच्या फोनवर येईल असं समजू नका. ती पेजच्या आत साठते आणि ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येते. माझ्या एका कामात जवळपास तीन आठवड्यांचे फॉर्म असेच पडून राहिले होते, कारण ज्या ईमेलवर सूचना जात होती तो कोणी उघडतच नव्हतं. नंतर फोन केले तेव्हा बहुतेकांनी काम दुसऱ्याला देऊन टाकलेलं होतं. जोडणी तपासून पाहणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत ही ओळ अधोरेखित असते: फॉर्म सीआरएमला (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) किंवा साध्या शीटला जोडा, मेटाने (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने) दिलेल्या चाचणीच्या साधनातून एक खोटी लीड पाठवा आणि ती शीटमध्ये आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

शीट साधीच ठेवा. तारीख, वेळ, कोणत्या जाहिरातीतून आली, नाव, गरज, कोण बोललं, काय ठरलं, पुढचा फोन कधी. आणि एक रकाना मात्र सोडू नका: लीड उपयोगाची नसेल तर का नाही. ‘फक्त किंमत विचारत होते’, ‘निर्णय दुसऱ्याच्या हातात’, ‘नोकरी शोधत होते’, ‘नंबर चुकीचा’ अशी कारणं महिनाभर प्रामाणिकपणे लिहिली तर जाहिरातीत नेमकं काय बदलायचं ते याच रकान्यात सापडतं. नोकरी शोधणारे वारंवार येत असतील तर मजकुरातला कुठला तरी शब्द त्यांना बोलावतो आहे. चुकीचे नंबर वाढले असतील तर फॉर्मकडे बघा.

यानंतर विक्री करणाऱ्या माणसाबरोबर अर्धा तास बसा आणि लीड म्हणजे काय ते एकत्र ठरवा. लाइक ही लीड नाही, फॉलो नाही, ‘माहिती पाठवा’ अशी कमेंटही अजून नाही. ज्याने संपर्काचा तपशील स्वतःहून दिला, ज्याची गरज तुम्ही पुरवू शकता आणि ज्याच्याशी पुढे बोलणं शक्य आहे, तो माणूस म्हणजे लीड. तिच्यातली चांगली कोणती हे ओळखायला चार प्रश्न जुन्या काळापासून वापरात आहेत: खर्च करण्याची ऐपत आहे का, निर्णय त्याचाच आहे का, गरज खरी आहे का, आणि त्याला हे कधीपर्यंत हवं आहे. ही व्याख्या आधी लिहिली नाही तर महिन्याच्या शेवटी मार्केटिंगवाले म्हणतात ‘आम्ही दोनशे दिल्या’ आणि विक्रीवाले म्हणतात ‘कामाची एकही नव्हती’. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून ते भांडण मिटतही नाही.

मग गणित, तेही उलटं. समजा, १०० चौकश्यांतून २० जणांशी नीट बोलणं होतं आणि त्यातले ४ ग्राहक होतात. म्हणजे एका ग्राहकामागे २५ लीड्स लागतात. एका ग्राहकाच्या नफ्यातला जो भाग त्याला आणण्यावर खर्च करायची तुमची तयारी आहे, त्याचा पंचविसावा हिस्सा ही एका लीडची कमाल किंमत झाली. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, तुमचे जुन्या नोंदींतून काढा. नोंदी नसतील तर अंदाज लिहा आणि महिन्याने दुरुस्त करा. हा आकडा हाताशी नसेल तर स्वस्त लीड पाहून आनंद होतो आणि महाग लीड पाहून घाबरायला होतं. प्रत्यक्षात दुप्पट किमतीची लीड चौपट वेळा ग्राहक होत असेल तर तीच स्वस्त पडते.

आता माणसं शोधू. या टप्प्यावर घाई करू नका, सगळ्या यादीत हेच काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. गेल्या काही महिन्यांत ग्राहकांनी फोनवर, मेसेजमध्ये, ईमेलमध्ये विचारलेले निदान वीस प्रश्न जमवा आणि ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘व्यवसायवृद्धीचे सर्वंकष उपाय’ असं कुठलाही ग्राहक म्हणत नाही. तो म्हणतो, ‘काम खूप आहे, पण हिशोब लागत नाही.’ जाहिरातीचं पहिलं वाक्य बहुधा या वीस प्रश्नांतच असतं. कोणता प्रश्न निर्णयाच्या अगदी आधी येतो आणि कोणता नुसत्या कुतूहलाचा आहे, तेही त्यातून कळतं. जे ग्राहक झाले त्यांना एक गोष्ट आवर्जून विचारा: आमच्याकडे येण्याआधी तुम्ही हे काम कसं भागवत होता? तुमची खरी स्पर्धा अनेकदा त्या उत्तरात असते, आणि ती दुसऱ्या कंपनीशी नसून एखाद्या जुन्या वहीशी किंवा ‘सध्या राहू दे’ या विचाराशी असते.

प्रश्न हाताशी आले की माणसाच्या नंबराच्या बदल्यात त्याला काय देणार ते ठरतं. अनोळखी माणूस स्वतःचा नंबर फुकट देत नाही. त्याला खर्चाचा अंदाज, नमुना, तपासणी, पंधरा मिनिटांचा सल्ला किंवा वापरता येईल असा तक्ता द्या. द्यायची वस्तू जितकी सर्वसाधारण तितकी गर्दी जास्त आणि ग्राहक कमी. ‘बक्षीस जिंका’ने फॉर्म भरभरून येतात, पण ते बक्षिसासाठी असतात. तुमच्या कामाची गरज नसलेल्या माणसाला जिचा काही उपयोग नाही अशीच वस्तू निवडा.

कोणता मंच घ्यायचा हा प्रश्न त्या मानाने सोपा. व्यवसायांना विकत असाल आणि हुद्दा, उद्योग, कंपनीचा आकार यांवरून माणूस ओळखता येत असेल तर लिंक्डइन. तिथे लीड साधारणपणे महाग पडते, म्हणून वरचं गणित आधी. घरगुती ग्राहक किंवा छोटे व्यावसायिक हवे असतील तर फेसबुक आणि इन्स्टाग्राम. सुरुवातीला एकच घ्या.

फॉर्ममध्ये विचारायचा प्रत्येक प्रश्न एका कसोटीवर घासा: याच्या उत्तराने माझ्या पुढच्या फोनमध्ये काही बदलणार आहे का? बदलणार नसेल तर काढून टाका. नाव, नंबर आणि ईमेल प्रोफाइलमधून आपोआप भरले जातात. ही सोय आहे तसाच धोकाही, कारण तिथला ईमेल कित्येकदा वर्षानुवर्षे न उघडलेला असतो. म्हणून एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर स्वतः टाइप करावं लागेल. मेटाच्या फॉर्ममध्ये जास्त संख्येचा आणि जास्त गंभीर इच्छेचा असे प्रकार आहेत. दुसऱ्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा दाखवली जाते. फोन करणारा माणूस एकच असेल तर मी दुसरा घेते.

गोपनीयता धोरणाची लिंक फॉर्मला द्यावीच लागते, तेव्हा ते पान आधी तयार हवं आणि त्यात खरं लिहिलेलं हवं. पुढे मेसेज पाठवणार असाल तर तसं स्पष्ट विचारा. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आधीच टिक केलेली चौकट संमती मानली जात नाही. कायदा कुठलाही असो, हे योग्यच आहे. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक प्रणालीतून बोलणार असाल तर लक्षात ठेवा की ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणी लिहिता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच जातो. ते मजकूर जाहिरातीआधी मंजुरीला टाका.

जाहिरात पाहिलेला माणूस बऱ्याचदा आधी तुमच्या पेजवर डोकावतो. शेवटची पोस्ट आठ महिन्यांपूर्वीची, नंबर जुना, लोकांच्या प्रश्नांना उत्तर नाही, असं दिसलं तर तो परत फिरतो. हे नीट करायला एक दुपार पुरते. त्याच दुपारी खात्यांची मालकीही तपासा. जाहिरातीचं खातं आणि पिक्सेल (वेबसाइटवर आलेला माणूस काय करतो ते नोंदवणारा कोडचा तुकडा) तुमच्या व्यवसायाच्या नावावर हवेत, एजन्सीला फक्त काम करण्याची परवानगी द्यावी. नाहीतर एजन्सी बदलताना सगळा इतिहास त्यांच्याकडे राहतो. ॲडमिन किमान दोन, आणि दोघांच्याही खात्याला दुहेरी पडताळणी.

स्वतःच्या वेबसाइटवर लोकांना नेणार असाल तर पिक्सेल बसवा आणि प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी लेबलं, लावा. स्रोत, माध्यम, मोहीम, शब्द आणि मजकूर अशी ती पाच लेबलं. नावं कशी लिहायची हे एकदाच ठरवून शीटच्या पहिल्या पानावर टाका, कारण इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकानेही अहवालात दोन वेगळे स्रोत दिसतात. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनच्या प्रणालीची आयओएस १४.५ ही आवृत्ती आली आणि आयफोनवरच्या ॲप्सना माग काढण्यासाठी परवानगी विचारणं भाग पडलं. त्यामुळे जाहिरातीच्या पॅनेलमधला आकडा आणि तुमच्या शीटमधला आकडा जुळेलच असं नाही. निर्णय घेताना शीटवर विश्वास ठेवा.

आता कुठे चित्र आणि मजकूर. उभा व्हिडिओ ९:१६ मध्ये, खाली शब्द, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात. तीन जाहिराती बनवल्या तर तिन्हींत मुद्दा वेगळा हवा, नुसता रंग नको. ‘तुम्ही कर्जात बुडालात का?’ किंवा ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असं वाचणाऱ्याच्या खाजगी परिस्थितीवर बोट ठेवणारं लिहू नका. मेटाच्या धोरणात ते बसत नाही आणि माणसालाही ते लागतं. तपासणी बहुधा २४ तासांत होते, पण दोन दिवसांची सवड ठेवा.

खर्च किती जाहिरात-संचांत (एकच प्रेक्षकवर्ग ठरवलेल्या जाहिरातींच्या गटांत) वाटायचा ते सुरू करण्याआधीच ठरवा. मेटाची यंत्रणा एका संचाला आठवड्यात साधारण ५० निकाल (इथे लीड्स) मिळेपर्यंत जाहिरात कोणाला दाखवावी हे शिकत असते. तुमच्या खर्चात आठवड्याला ४० लीड्स येणार असतील तर पाच संच करू नका, एकच करा. मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून पहिल्या आठवड्यात कोण काय बदलू शकतं हेही लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी पॅनेल उघडण्याआधी फोन करणाऱ्याला विचारा, ‘लोक काय म्हणतायत?’

शेवटचं काम जाहिरात सुरू झाल्याच्या पहिल्या तासाचं. ज्याला या कामाची काही माहिती नाही अशा ओळखीच्या माणसाला त्याच्याच फोनवरून फॉर्म भरायला सांगा. त्याचा नंबर फोन करणाऱ्याला आधी सांगू नका. घड्याळ लावा. ठरलेल्या मिनिटांत त्याचा फोन वाजला नाही, तर जाहिरात थांबवा आणि यादीतल्या पहिल्या नावाशी जाऊन बोला.