फिरायची आवड आणि परदेशातली नोकरी: गावातून सुरुवात कशी करावी

फिरायला आवडतं म्हणून परदेशात कोणी कामावर ठेवत नाही. खोल्या लावता येतात, शंभर पानं वाढता येतात, भटारखाना सांभाळता येतो म्हणून ठेवतात. त्यामुळे आधी काम ठरवा, देश मागाहून. विदर्भातल्या दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना फिरणं आणि पगार दोन्ही देणारी त्यातल्या त्यात सरळ वाट क्रूझ जहाजाची आहे.

पहिलं काम पासपोर्टचं, आणि खोळंबा बहुतेक इथेच होतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, टीसीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्जाआधी सनद, टीसी, आधार, पॅन शेजारी मांडून एकेक अक्षर जुळवा. नुसता क्रम वेगळा असेल तर निभावतं. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधी दुरुस्ती करा. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. नागपुरातल्या भाड्याच्या रूमचा पत्ता टाकून गावी येऊन बसू नका. पोलीस त्या रूमवर जातात, तुम्ही सापडत नाही आणि अहवाल उलटा जातो. दहावीची सनद जोडा, नाहीतर पासपोर्टवर ईसीआर शिक्का पडतो आणि आखाती देशांतल्या नोकरीसाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

मग अनुभव. जहाजावर वेटर किंवा हाऊसकीपिंगसाठी चांगल्या हॉटेलातलं एक-दोन वर्षांचं काम विचारतात. त्यासाठी मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. ताडोब्याच्या मोहर्ली आणि कोलारा गेटजवळच्या रिसॉर्टांत परदेशी पाहुणे येतात, इंग्रजी तिथेच सुटं होतं. पगार मात्र बँकेतच घ्या. हातात रोख घेऊन केलेली नोकरी मुलाखतीत सिद्ध करता येत नाही. सोडताना लेटरहेडवर पद आणि तारखांसह अनुभवपत्र मागा. सहा महिन्यांनी मागितलं तर मॅनेजर बदललेला असतो.

ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, रिसॉर्टांत काम उतरतं. कोर्स त्याच काळात उरका. पण आधी डीजी शिपिंगने (जहाज आणि खलाशांचा कारभार पाहणारं केंद्र सरकारचं कार्यालय) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करा. तिथे अनफिट ठरलात तर निदान कोर्सची फी तरी वाचेल. कोर्स म्हणजे एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, आणि जोडीला जहाजाच्या सुरक्षेचा कोर्स. प्रवेश घेण्याआधी संस्था डीजी शिपिंगच्या यादीत आहे का ते पाहा. त्यानंतर सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, ऑनलाइन अर्ज करून मिळतं. इंग्रजीसाठी बऱ्याच कंपन्या मार्लिन्स चाचणी घेतात. त्यात ऐकून उत्तर द्यायचा भाग अवघड जातो, सराव त्याचाच करा.

आता एजंट. जहाजावर भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल परवाना लागतो. यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. कोर्सची फी सोडली तर वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च तुमचा; व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. "दोन लाख भरा, सीट पक्की" म्हणणाऱ्यासाठी वावर गहाण टाकू नका. अमेरिकेचा सी१/डी व्हिसा (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीचा) कंपनीच्या पत्रावर निघतो, म्हणून आधी व्हिसा आणि मग कंपनी दाखवणारा सरळ खोटं बोलतोय. आखातातल्या हॉटेलात जायचं असेल तर एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. तिथे सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. टुरिस्ट व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर बदलून देऊ" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. रोज दहा-अकरा तास काम, आठवडी सुट्टी नाही. करारात पाहायचं ते विश्रांतीचं कलम: २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास. बंदर दिसेल, पण ड्युटी सुटली तर आणि तेवढेच तास. ज्याला एकाच गावी महिनाभर राहून ते पाहायचं आहे, त्याने जहाज धरू नये.

त्याच्यासाठी जर्मनीतलं हॉटेल क्षेत्रातलं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, बरं. तीन वर्षं शिकताना भत्ता मिळतो आणि सुट्टीत आसपासचे देश पाहता येतात. अट जर्मन भाषेची, साधारण बी१ (मध्यम) पातळी, आणि ती भारतातच पूर्ण करावी लागते. नोकरी करत वर्षभर तरी धरा.

जहाजावर चढण्याआधी बँकेत एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं) खातं उघडण्याची चौकशी करून ठेवा. वर्षात भारतात किती दिवस होतात यावर कर ठरतो, आणि तो हिशेब सीडीसी-पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून होतो. म्हणून प्रत्येक शिक्क्याच्या पानाचा फोटो काढून घरी पाठवत राहा.